फळीवर राहिलेली पाटी

बाबा, काल मुलीनं सदर बाजारात नेऊन माझ्या दोन्ही कानांत यंत्रं बसवून आणली. शेंगदाण्याएवढी आहेत. दुकानदार मोठ्या उत्साहानं म्हणाला, "अंकलजी, अब तो चींटी के चलने की भी आवाज़ आएगी," आणि ऐकू आलं तरी मी नुसती मान डोलावली, कारण समोरचा काय बोलला ते कळलं नाही की मान डोलवायची ही सवय आता अंगात मुरली आहे. घरी पोचेपर्यंत डोकं भणभणून गेलं. ऑटोचा खडखडाट, भाजीवाल्याची हाळी, कॉलनीच्या फाटकाची कुरकुर, सगळं एकदम अंगावर धावून आलं. ऐकू न येण्यात एक आराम असतो बाबा, तो गेला. दुपारी चहा करून मुलगी आपल्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसून होतो, कप रिकामा झाला होता, उठायचा कंटाळा आला होता. आणि ओट्यावरचं पातेलं गार होता होता वाजलं. टिक. एवढंच. मी ताडकन उभा राहिलो. गुडघ्यांमुळे हल्ली मी कोणासाठीच ताडकन उभा राहत नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. उभं राहिल्यावर कळलं की मी भिंतीकडे बघतोय, जिथं फळी असायला हवी होती तिकडे. तिथं कॅलेंडर होतं.

तुमची फळी मुलीनं कधी पाहिली नाही. तिला मी सांगितलं आहे, पण सांगून ती काय दिसणार? कारखान्याच्या मागच्या भिंतीला, भट्टीपासून लांब, ती जाड सागवानी फळी होती. भट्टीतून निघालेली प्रत्येक वस्तू, मग ती दवाखान्यातली हात धुवायची चिलमची असो, परात असो की रेल्वे फाटकावरची निळी पाटी असो, आधी तिथं जायची. गरम असताना नाही, चांगली गार झाल्यावर. मग ती काही दिवस नुसती पडून राहायची. तिला कोणी हात लावायचा नाही. पोलादाच्या पत्र्यावर काचेचा लेप चढवायचा आणि भट्टीत तो वितळवून पत्र्याशी एकजीव करायचा, हा तुमचा एनॅमलचा धंदा. पण पत्रा तेजाबात, म्हणजे ॲसिडात, धुताना पोटात वायू पिऊन घेतो. भट्टीतून बाहेर आला तेव्हा तो गप्प असतो, चकचकीत असतो, नव्या नवरीसारखा. गार झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर, तो वायू बाहेर यायला वाट शोधतो आणि वरच्या काचेचा नखाएवढा तुकडा उडवून देतो. अर्धचंद्रासारखा. तुमचे लोक त्याला खवला म्हणायचे, मासोळीचा खवला. त्याचा आवाज टिक. सुट्टी झाली की सगळे हातपाय धुऊन सायकली काढायचे आणि तुम्ही हातात रिकामा डबा घेऊन फळीसमोर उभे राहायचात, मान किंचित वाकडी करून. मी शाळेतून तुमच्याकडे आलो असेन तर मलाही बोलायची मनाई होती. काही वाजलं नाही की तुम्ही म्हणायचात, "चल." वाजलं की बोट ठेवून ती वस्तू बाजूला काढायचात, आणि ती आपल्या घरी यायची.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे तुमच्या नापास मालाचं गोदामच होतं. आईच्या प्रत्येक थाळीला, प्रत्येक मगाला कुठं ना कुठं काळा चंद्र होता. मावशी नागपूरहून आली की म्हणायची, "अवं, एवढा मोठा मिस्त्री नवरा तुझा, आन् घरात एक थाळी धड नाही?" आई तिला म्हणायची, "धड थाळ्या लोकाईच्या घरी जातात. इथं मी आन् ह्या थाळ्या. आमचं तिघींचं जमून राहिलं बरं." तिसरी कोण ते मावशीनं कधी विचारलं नाही; तुमची भट्टी, दुसरी कोण. आई दुसरी एक गोष्ट म्हणायची तीही मला आठवते: "पोरगं रात्रभर खोकलं तरी याईले ऐकू जात नाही, आन् फळीवरची टिक गल्लीतून ऐकू जाते." तुम्ही हसायचात आणि थाळी पुढं करायचात.

प्रांतांची वाटणी झाली, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो, तेव्हा काकांनी किती पत्रं लिहिली होती तुम्हाला, या म्हणून. तुम्ही गेला नाहीत. लोकांना वाटलं नोकरीसाठी. मला वाटतं भट्टीसाठी. तशी भट्टी दुसरीकडेही मिळाली असती, पण ही तुम्ही विटेवर वीट लावून उभी केली होती आणि तिचा कुठला कोपरा किती तापतो ते तुम्हाला अंगानं माहीत होतं. मी मात्र त्या मुक्कामामुळे दोन भाषांमध्ये वाढलो. गल्लीत हिंदी, घरात आपली वऱ्हाडी वळणाची मराठी, आणि मराठी शाळेत पुस्तकातली मराठी, जी कोणीच बोलत नव्हतं आणि म्हणूनच मला ती एवढी आवडायची. वर्गात मुलं कमी होत चालली होती. कविता पाठ करायला सांगितली की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायचा आणि मी पुढच्या धड्यातल्या कविताही पाठ करून बसलेला असायचो. नदीवरची ती एक कविता मी घरात दिवसभर म्हणत असे. आई वैतागायची. तुम्ही एकदा म्हणालात, "अजून एकदा म्हण. सावकाश." मी म्हटली. पुन्हा म्हणायला लावलीत. मला वाटलं, बाबांना कविता आवडली. आवडली असेलही. पण तुम्ही ती भट्टीवर नेलीत. लेप भट्टीत किती वेळ ठेवायचा ते तुम्ही तोवर मनात आकडे मोजून ठरवायचात. आता कविता पुटपुटू लागलात. लहान पाटीला निम्मी कविता, परातीला पुरी. तुमच्या हाताखाली जवळच्या सिहोरा गावचा एक माणूस होता, पानानं तोंड लाल असलेला, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती कविता त्यालाही पाठ झाली होती. तुम्ही दमून सावकाश पुटपुटू लागलात की तो ओरडायचा, "दादा, आज नदी धीरे बह रही है क्या? माल जल जाएगा!"

मी स्वतः कविता केली तेव्हा कितवीत होतो ते आठवत नाही. शाळेच्या वार्षिक अंकात द्यायची होती, सर दुसऱ्या दिवशी मागणार होते. मी ती तुम्हाला वाचून दाखवली आणि तुम्ही जेवता जेवता ऐकलीत. मग म्हणालात, "आज केली?" मी हो म्हटलं. "आन् उद्या देऊन राहिला?" मी पुन्हा हो म्हटलं. तुम्ही ताट सरकवलंत आणि मला वाटलंही नव्हतं इतक्या कडक आवाजात बोललात, "एवढी घाई काहून? जे अजून बसलं नाही ते लोकाईले देऊ नये. राहू दे थोडे दिवस." मी रडलो. आईनं तुम्हाला डोळे वटारले. अंक निघून गेला. कविता राहिली ती राहिलीच. तुमचं ते वाक्य मात्र मी पुढं आयुष्यभर इतरांना ऐकवलं, हाताखालच्या पोरांना, मुलीला, तिच्या लग्नाच्या वेळी तिच्या होणाऱ्या सासऱ्यालासुद्धा. ते माझंच आहे असं लोकांना वाटतं.

मग मी तारायंत्राच्या खात्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागलो आणि तुमच्या कारखान्याला उतरती कळा लागली. दोन्ही गोष्टी एकाच सुमाराच्या, म्हणून मला त्या नेहमी एकमेकींत अडकलेल्या दिसतात. घराघरांत स्टील आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. परात कोणी घेईना. दवाखान्यांनी स्टीलच्या चिलमच्या घेतल्या. पाट्याही टिनावर रंगवून होऊ लागल्या, वर्षभरात उडतात पण स्वस्त असतात. कारखान्याचा मालक, शेठ, तसा वाईट माणूस नव्हता, त्यानं तुम्हाला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं की दिवाळीनंतर भट्टी चालवणं परवडणार नाही, नवीन काही काम आणा तर बघू. तुम्ही घरी येऊन ते एका वाक्यात सांगितलंत आणि वरणभात कालवू लागलात. आई माझ्याकडे बघत होती. मी लहान नव्हतो आता, मी पगार आणत होतो. पण तिच्या डोळ्यांत पगाराचा प्रश्न नव्हता. भट्टीशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय, हा होता.

आमच्याकडे तेव्हा मायक्रोवेव्हचं काम नवीन होतं. टेकड्यांवर उंच मनोरे उभे राहत होते, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर बिनतारी लहरींवरून शेकडो माणसांचं बोलणं जाणार होतं, आणि त्या पेट्यांच्या आत सर्किट असायचं ते पांढऱ्या चिनीमातीच्या पातळ पाट्यांवर काढलेलं. त्या पाट्या परदेशातून यायच्या. महाग, आणि बिस्किटासारख्या. स्क्रू जरा जास्त आवळला की कट्. आमच्या साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं की पोलादावर काचेचा लेप देऊनही अशी पाटी होऊ शकते. ती मोडत नाही, उष्णता पसरवते, आणि खालचा धातू सर्किटाला आयताच कामाला येतो. साहेब म्हणाले, "पर यहाँ ऐसी चीज़ बनाएगा कौन?" मी म्हणालो, "सर, मेरे घर में बनी-बनाई रखी है, हम उसमें दाल खाते हैं." साहेब हसले आणि मग हसायचे थांबले. "सच?"

त्या दिवशी मी घरी जाऊन तुम्हाला सांगितलं तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही समजून घेत होतात. लहर म्हणजे काय, ती काचेतून कशी जाते, काच तिला खाते म्हणजे काय. मी तुम्हाला आईच्या हातातल्या बांगड्यांवरून समजावलं. पाटीवर आम्ही चांदीच्या रंगानं एक गोल कडं काढतो, बांगडीसारखं. मग त्यात लहर सोडतो. बांगडी चांगली असेल तर एका ठरावीक सुरावर खणकते. लेप लहर खात असेल तर बद्द वाजते. पडद्यावर ते डोंगराच्या शिखरासारखं दिसतं. शिखर जितकं टोकदार तितकी पाटी चांगली. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुम्हीबी ठोकूनच पाहून राहिले." मी म्हणालो हो, तसंच. आई आतून म्हणाली, "माझ्या बांगड्या नका घेऊ बरं ठोकायले."

पाट्या घेऊन तुम्ही स्वतः आलात. इस्त्रीचा सदरा घालून, पाट्या टॉवेलात गुंडाळून, सायकलच्या हँडलला पिशवी. फाटकावर मी घ्यायला आलो आणि टॉवेल हातात घेतला तर तो कोमट लागला. "बाबा, फळीवर ठेवल्या नव्हत्या?" तुम्ही नजर दुसरीकडे केलीत. "तुमचे साहेब घाई करून राहिले ना," म्हणालात. साहेब घाई करत नव्हते, बाबा. साहेबांनी सवडीनं आणा म्हटलं होतं. पण मीही टॉवेल तसाच आत नेला, कारण त्या दिवशी तुमच्या चालण्यात काहीतरी होतं. सिहोऱ्यावाल्यानं मला नंतर सांगितलं, त्या पाट्या भट्टीत होत्या तेव्हा तुम्ही कविता पुटपुटत नव्हतात. उभं राहून मोठ्यानं म्हणत होतात. "जैसे आरती हो रही हो, भैया."

आम्ही पाट्या तपासल्या. लेपाची जाडी मोजली, कडेला तो जरा जाड होता, द्रव कडेला गोळा होतोच. वाकवून बघितल्या, भट्टीत आणि बर्फात आळीपाळीनं घालून बघितल्या. मग चांदीची कडी छापली, लहर सोडली. पडद्यावर शिखर उभं राहिलं. परदेशी पाटीइतकं टोकदार नाही, पण साधारण सर्किटांना पुरेल एवढं नक्की. मी बटण फिरवून फिरवून पुन्हा बघत होतो. साहेबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, घर जाकर पिताजी को बता दो, मशीन को क्यों सता रहे हो?" येताना मी सदरहून खव्याच्या जिलब्या घेतल्या. तुम्ही दोन खाल्ल्यात. तुम्हाला गोड वर्ज्य होतं तरी आईनं काही म्हटलं नाही. बाकीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही भट्टीवर नेल्यात, आणि तिथं काय गोंधळ झाला तो सिहोऱ्यावाला पुढं कितीतरी वर्षं सांगत असे. शेठनं सांगितलं, भट्टी बंद करायचं नंतर बघू.

पुढची गोष्ट सांगायला मला नको वाटतं, आणि तुम्हाला ती माहीत आहे, पण काल त्या पातेल्यानं तीच काढली. त्यानंतर दोन-चार दिवसांनी असेल. सकाळ होती, प्रयोगशाळेत आम्ही डबे ठेवत होतो, यंत्रं अजून सुरू केली नव्हती, म्हणून शांत होतं. टिक. साहेबांनी मान वर केली. "ये क्या था? चूहा?" मला माहीत होतं. मी मान वाकडी करून उभा राहिलो होतो, तुमच्यासारखा, आणि तेवढ्यात पुन्हा झालं. कपाट उघडलं. एका पाटीवरचा अर्धचंद्र बरोबर चांदीच्या कड्यावर उडाला होता, कडं तुटलं होतं. पाटी यंत्राला लावली तर पडद्यावर काही नाही, सपाट मैदान. संध्याकाळपर्यंत आणखी वाजल्या. मी त्यांच्यासमोर बसून राहिलो. घरी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त विचारलंत, "कोणत्या बाजूनं उडाला?" आणि मग आईला उद्देशून, "म्या फळीवर ठेवल्या नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

तुम्हाला मी एवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण बाबा, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, फळीवर ठेवून पाट्या वाचल्या नसत्या. उडायच्या त्या उडाल्याच असत्या, फक्त आपल्या भिंतीजवळ उडाल्या असत्या. साहेबांचंही तेच म्हणणं होतं. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं, चहा मागवला, स्वतःची खुर्ची दिली. म्हणाले, "दादा, एक खेप खराब हो गई तो क्या हुआ. आप इतना कह दीजिए कि अगली में ये नहीं होगा. मैं ऊपर बात कर लूँगा. साल भर का काम मिल जाएगा आपको." मी दाराशी उभा होतो. साल भर. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हणा बाबा, हो म्हणा, एवढंच.

तुम्ही चहाची बशी गुडघ्यावर ठेवली होतीत. तुम्ही विचारलंत, "साहब, ये लगेगा कहाँ?"

"पहाड़ी पर. टावर की पेटी में."

"वहाँ आदमी रहता है?"

"नहीं, नहीं. महीनों कोई नहीं जाता. ज़रूरत ही नहीं."

तुम्ही बशी टेबलावर ठेवलीत. मग म्हणालात, "तो फिर वहाँ सुनेगा कौन?"

साहेब समजले नाहीत. तुम्ही समजावलंत, तुमच्या त्या मोडक्या हिंदीत, की तुम्ही माल निवडून देऊ शकता. फळीवर ठेवू, ऐकू, उडेल तो बाजूला काढू, उरेल तो देऊ. पण उरलेला पुढं कधीच उडणार नाही अशी शपथ तुम्हाला घेता येत नाही. परात असेल तर बाई बघेल आणि पुढच्या वेळी दुसरी घेईल. डोंगरावर तुटलं तर कोणाला कळणार नाही, नुसते लोक फोनवर हॅलो हॅलो करत राहतील. "मैं छाँटकर दे सकता हूँ, साहब. कसम खाकर नहीं दे सकता." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. साहेब चांगले होते, त्यांनी आग्रह केला नाही, फाटकापर्यंत तुम्हाला सोडायला आले. सायकलवर बसताना तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या नोकरीले काही होणार नाही ना?" मी म्हणालो नाही. "मग ठीक," म्हणालात, आणि निघून गेलात. पायडल मारताना तुम्ही म्हातारे दिसलात. त्याआधी कधी दिसला नव्हतात.

दिवाळी झाली आणि भट्टी विझली. विझली म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, कारण ती गार व्हायलाच कितीतरी दिवस लागले, आणि तुम्ही रोज जाऊन भिंतीला हात लावून यायचात. मग जायचे थांबलात. व्हरांड्यात बसू लागलात. आई तुम्हाला भाजी निवडायला द्यायची, तुम्ही मेथीची पानं अशी खुडायचात जशी काही प्रत्येक पान कोणी तपासणार आहे. एकदा मी मुद्दाम ती नदीची कविता मोठ्यानं म्हटली, तुमच्याजवळ बसून. तुम्ही ऐकलीत आणि म्हणालात, "छान आहे रे. काय म्हणतो तो शेवटी?" इतकी वर्षं ती म्हणून म्हणून तुम्हाला तिचा अर्थ कधी लागलाच नव्हता, तुम्हाला फक्त तिची लांबी माहीत होती. मी अर्थ सांगितला. तुम्ही मान डोलावलीत, हल्ली मी डोलावतो तशी. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

तुमचं ते वाक्य, तिथं ऐकणार कोण, हे मी किती जणांना सांगितलं असेन. माझ्या निरोप समारंभात सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातवंडांना सांगितलं. पण तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. नंतर, तुम्ही गेल्यानंतर, मी वाचलं की खवला टाळता येतो. पत्रा वेगळ्या जातीचा घ्यायचा, तेजाबाची रीत थोडी बदलायची. दुसरीकडे लोकांनी केलं. फार अवघड नव्हतं, बाबा. वर्षभर हाताशी असतं तर तुम्ही आणि मी मिळून ते शोधलं असतं, मला खात्री आहे, तुम्ही भट्टीशी आणि मी यंत्राशी. सिहोऱ्यावाला ओरडला असता. तुम्हाला फक्त एक हो म्हणायचं होतं, आणि ते खोटं ठरलंच असतं असं नाही.

तुम्ही आणलेल्या त्या पाट्यांतली एक पाटी उडाली नाही. आम्ही वाट बघितली, मग विसरलो, मग ती माझ्या खणात पडून राहिली, आणि निवृत्त होताना मी ती घरी आणली. माझ्या कपाटावरच्या फळीवर असते. मुलगी धूळ झटकते, काय आहे विचारत नाही. चांदीचं कडं काळं पडलं आहे, लेप मात्र अजून नव्यासारखा आहे. काल संध्याकाळी मी ती काढली आणि कानाशी धरली, यंत्रासकट. यंत्र आधी कुईं करून ओरडलं. मग शांत झालं. मी बराच वेळ धरून उभा होतो. मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, हे काय करून राहिले?" तिची मराठी आता एवढीच उरली आहे, तुमची. मी म्हणालो, काही नाही, ऐकतोय.

काही वाजलं नाही.

हे सगळं आज सकाळपासून लिहितो आहे. वाचून बघितलं तर अजून बसलेलं नाही, म्हणून हेही त्या फळीवर, पाटीखाली ठेवतो. तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर होतं असं मी जगाला सांगत आलो, आणि सांगेनही. पण ती पाटी शाबूत आहे बाबा, आणि इतकी वर्षं मी तुमच्यावर थोडासा रागावलेलो आहे. ती एकदा वाजली असती तर तो राग गेला असता. झोपताना यंत्रं काढून डबीत ठेवा असं दुकानदारानं बजावलं होतं. काल मी ती काढली नाहीत.